‘जागा गेली’ : लंडनच्या कादंबऱ्यांतील परका भाडेकरू

१

सॅम सेल्व्हन यांच्या ‘द लोनली लंडनर्स’ (१९५६) या कादंबरीविषयी जे लिहिले जाते त्यात तीन गोष्टी हमखास येतात : तिची त्रिनिदादी वळणाची इंग्रजी, स्थलांतरिताचा एकाकीपणा आणि मागे राहिलेल्या बेटाची ओढ. तिन्ही कादंबरीत आहेत. तरीही प्रत्येक वाचनात मला वाटत आले आहे, की शीर्षकाने वाचकाला थोडे चकवले आहे. मोझेस हा तिचा नायक क्वचितच एकटा असतो. बेजवॉटरमधल्या त्याच्या तळघरातल्या खोलीत दर रविवारी सकाळी मित्रांची गर्दी जमते आणि पलंगावर, जमिनीवर, जागा मिळेल तिथे बसून गप्पा चालतात. माणसे भरपूर आहेत. नाही ते घर. एक खोली, तिचे आठवड्याचे भाडे, गॅसच्या मीटरमध्ये टाकायचे नाणे आणि ती खोली कधीही हातची जाऊ शकते ही जाणीव, यांतून कादंबरीतला एकाकीपणा तयार होतो.

म्हणून ‘द लोनली लंडनर्स’ मी भाडेकरूची कादंबरी म्हणून वाचते. तिच्या शेजारी सोयिंका यांची एक कविता, बुची एमेचेटा यांची एक कादंबरी आणि सेल्व्हन यांच्याच पुढच्या दोन कादंबऱ्या ठेवल्या, की घरटंचाईच्या काळात परक्या माणसाला नकार कसा दिला जातो याचा जवळजवळ सलग इतिहास हाती येतो. या लेखात मला त्या नकाराच्या भाषेविषयी लिहायचे आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : टंचाईमुळे पूर्वग्रह जन्माला येत नाही, पण टंचाई त्याला सभ्य भाषा पुरवते. ‘तुम्ही आम्हाला नको’ असे म्हणण्याऐवजी ‘जागा गेली’ असे म्हणता येते. आणि जागा खरोखरच कमी असल्यामुळे ऐकणाऱ्याला ते वाक्य खरे की खोटे हे कधीच कळत नाही.

२

आधी ती टंचाई पाहू. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत लंडनमधली लाखो घरे पडली किंवा नादुरुस्त झाली. २२ जून १९४८ रोजी ‘एम्पायर विंडरश’ हे जहाज कॅरिबियन बेटांवरून माणसे घेऊन टिल्बरीच्या धक्क्याला लागले, तेव्हा राहायची सोय नसलेल्या दोनशेहून अधिक उतारूंना क्लॅपहॅम साउथ स्टेशनाखालच्या भुयारात ठेवण्यात आले. बॉम्बहल्ल्यांपासून बचावासाठी खोदलेले ते आसरे होते. ब्रिक्स्टनचे रोजगार कार्यालय तिथून जवळ असल्याने पुष्कळजण त्याच भागात खोल्या शोधू लागले आणि लंडनच्या नकाशावर ब्रिक्स्टनला नवी ओळख मिळाली.

ही माणसे कागदोपत्री परकी नव्हती. १९४८ च्या ब्रिटिश राष्ट्रीयत्व कायद्यानुसार ती युनायटेड किंग्डम आणि वसाहतींची नागरिक होती. सेल्व्हन यांची कादंबरी या विसंगतीवर नेमके बोट ठेवते. एका पोलिश माणसाच्या उपाहारगृहात काळ्या गिऱ्हाइकांना घेत नाहीत, हे मोझेस नव्याने आलेल्या गॅलहॅडला सांगतो. कायद्याने पाहिले तर तो पोलिश माणूस परदेशी आणि हे दोघे ब्रिटिश प्रजाजन. पण दारात उभे राहिल्यावर परका कोण, हे पारपत्र ठरवत नाही.

मुंबईकर वाचकाला पुढचा भाग समजायला वेळ लागणार नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर मुंबईत काय झाले ते आपण जाणतो. जुन्या भाडेकरूचे भाडे गोठले, मालकाला दुरुस्तीत रस उरला नाही आणि पागडीशिवाय खोली मिळेनाशी झाली. लंडनमध्येही जुने भाडेकरू नियंत्रित भाड्यावर बसलेले होते. १९५७ च्या भाडेकायद्याने रिकाम्या होणाऱ्या घरांवरचे नियंत्रण उठवले. म्हणजे जुना भाडेकरू घरात असेपर्यंत इमारत कवडीमोलाची आणि तो निघाला की सोन्याची. पीटर रॅकमन या घरमालकाने नॉटिंग हिल आणि पॅडिंग्टन भागात हेच गणित मांडले. बसलेल्या भाडेकरूंसकट मोडकळीला आलेल्या इमारती स्वस्तात घ्यायच्या, त्रास देऊन त्या भाडेकरूंना घालवायचे आणि मोकळ्या झालेल्या खोल्या ज्यांना दुसरे कोणी दारात उभे करत नाही अशा कॅरिबियन माणसांना चढ्या भाड्याने द्यायच्या. त्याच्या नावावरून इंग्रजीत ‘रॅकमनिझम’ हा शब्दच तयार झाला. रॅकमन स्वतः पोलंडहून आलेला निर्वासित होता.

या व्यवहारात काळा भाडेकरू आणि हुसकावला गेलेला गोरा म्हातारा भाडेकरू हे दोघेही बळी होते. पण आपल्या घराला धोका शेजारी आलेल्या काळ्या माणसापासून आहे, असे त्या म्हाताऱ्याला वाटणे अगदी सोपे होते. १९५८ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस नॉटिंग हिलमध्ये वर्णद्वेषी दंगली झाल्या, त्या याच गल्ल्यांत. टंचाईचा हा दुसरा गुण. ती दोन गरजवंतांना एकमेकांसमोर उभे करते आणि भाडे घेणारा नजरेआड राहतो.

३

नकाराच्या भाषेकडे येऊ. त्या काळी लंडनमध्ये खोलीच्या जाहिराती दुकानांच्या काचांवर आणि स्थानिक वृत्तपत्रांत लागत. काहींत ‘काळ्यांना नाही’ असे स्पष्ट लिहिलेले असे. अशा जाहिराती अपमानकारक होत्या, पण त्या निदान बसचे भाडे वाचवत. खरा प्रश्न होता तो काहीच न लिहिलेल्या जाहिरातींचा. त्या वाचून माणूस फोन करी आणि नाट्य तिथून सुरू होई.

वोले सोयिंका यांच्या ‘टेलिफोन कॉन्व्हर्सेशन’ या कवितेत हे नाट्य पूर्ण येते. भाडे परवडणारे आहे, मालकीण त्या घरात राहत नाही, सगळे जमल्यासारखे आहे. व्यर्थ खेप नको म्हणून बोलणारा आपण आफ्रिकी असल्याचे आधीच सांगून टाकतो. त्यानंतर शांतता पसरते, आणि मग मालकीण त्याच्या कातडीची छटा नेमकी किती गडद आहे, याची चौकशी करू लागते. कविता विनोदी आहे, आणि विनोद शेवटी मालकिणीवर उलटतो. पण मला त्या कवितेत खोलवर जाणवते ती बोलणाऱ्याची शिस्त. तो कबुली देतो, जणू गुन्हाच केला आहे. घर मागणाऱ्याने स्वतःविषयीची माहिती गुन्ह्यासारखी पुढे ठेवायची, ही रीत टंचाईने शिकवली आहे.

बुची एमेचेटा यांची ‘सेकंड-क्लास सिटिझन’ (१९७४) ही कादंबरी हेच नाट्य उलट बाजूने मांडते. तिची नायिका आडा कबुली देत नाही. ती सार्वजनिक टेलिफोनवरून बोलताना नाक चिमटीत धरते, म्हणजे आवाजातले आफ्रिकी वळण कळू नये. पलीकडची घरमालकीण गोड बोलते आणि खोल्या पाहायला यायला सांगते. आडा नवऱ्यासह रात्री जाते, कारण अंधारात चेहरा उशिरा दिसतो. दार उघडते, त्या दोघांना पाहून मालकिणीचा श्वास अडकतो, आणि कसेबसे शब्द येतात ते असे, की खोल्या आत्ताच गेल्या.

या प्रसंगात एमेचेटा यांची समज मला असामान्य वाटते. मालकीण खलनायिका नाही. ती घाबरली आहे, आणि घाबरलेल्या माणसाला जे वाक्य सर्वांत सहज सुचते ते तिने उच्चारले आहे. ते तिला सुचले, कारण शहरभर ते रोज खरेपणानेही बोलले जात होते. खोल्या खरोखरच तासाभरात जात असत. खोटे बोलायला तिला काही रचावेच लागले नाही.

वाचक म्हणेल, नकाराचे खरे कारण इतके उघड दिसत असताना शंका कशाची? कादंबरीत लेखक आपल्याला दाराच्या दोन्ही बाजू दाखवतो. आयुष्यात एकच बाजू दिसते. म्हणूनच १९६६-६७ मध्ये ‘पोलिटिकल अँड इकॉनॉमिक प्लॅनिंग’ या संशोधनसंस्थेला कादंबरीकाराचीच युक्ती करावी लागली. एकाच खोलीसाठी, एकाच नोकरीसाठी तीन माणसे पाठवली गेली : एक काळा, एक हंगेरियन आणि एक इंग्रज. हंगेरियनाची योजना मार्मिक होती. भेद परदेशीपणाचा असेल तर हंगेरियनालाही तो भोगावा लागायला हवा. निष्कर्ष स्पष्ट होता. हंगेरियनाला फारसा त्रास झाला नाही. पहिल्याला ‘गेली’ म्हणून सांगितलेली खोली नंतर आलेल्या इंग्रजासाठी शिल्लक असे. १९६५ च्या वंशसंबंध कायद्यातून घरभाडे वगळले होते. या अहवालानंतर १९६८ चा कायदा आला आणि घर नाकारणे त्याच्या कक्षेत आले. पण मालक स्वतः त्याच लहान घरात राहत असेल आणि न्हाणीघर सामाईक असेल, तर त्याला सूट राहिली. म्हणजे आडाने ठोठावले तशा कितीतरी दारांपाशी कायदा उंबऱ्याबाहेरच थांबला.

मी स्वतः विद्यार्थिनी म्हणून लंडनमध्ये दीड वर्ष राहिले. तो काळ वेगळा होता, कायदे वेगळे होते, आणि माझ्याशी कोणी उद्धटपणे बोलले नाही. एका खोलीसाठी एजंटाला फोन केला. त्याने आधी माझे नाव विचारले, मग स्पेलिंग विचारले, मग सांगितले की जागा गेली. ती जाहिरात पुढे तीन आठवडे तशीच होती. जाहिरात काढायची राहून गेली असेल. माझ्याकडे तिथल्या जुन्या घरमालकाचे पत्र नव्हते, हे कारण असेल. नाव हेही कारण असेल. मला अजून माहीत नाही, आणि हे न कळणेच मला या विषयाचे मर्म वाटते. उघड अपमानाला उत्तर देता येते. ‘जागा गेली’ या वाक्यावर काय बोलणार?

४

या साहित्याची थोरवी अशी, की ते आपल्या माणसालाही सोडत नाही. ‘द लोनली लंडनर्स’च्या सुरुवातीलाच मोझेस वॉटर्लू स्टेशनवर गॅलहॅडला घ्यायला जातो, तेव्हा तिथे एक जमैकन घरमालक दिसतो. ब्रिक्स्टनमध्ये त्याने घरे घेतली आहेत आणि बोटीच्या गाडीने येणाऱ्या आपल्याच लोकांतून तो भाडेकरू गोळा करतो. खोलीत माणसे कोंबतो, भाडे चढे लावतो आणि वर उपकार केल्याचा आव आणतो. एमेचेटा यांच्या आडाचे पहिले घरमालकही नायजेरियनच आहेत. मुले असलेल्या आणि इग्बो असलेल्या या कुटुंबाला बाहेर काढायला ते उत्सुक आहेत. लेगोसमधले भेद सामानाबरोबर लंडनला आलेले असतात.

सेल्व्हन यांनी हा धागा वीस वर्षे सोडला नाही. ‘द हाउसिंग लार्क’ (१९६५) या कादंबरीत काही मित्र ठरवतात की भाडे भरण्यापेक्षा सगळ्यांनी पैसे जमवून एक घर घ्यावे. कॅरिबियन समाजात अशी पैसे फिरवण्याची पद्धत होतीच. त्रिनिदादमध्ये तिला ‘सूसू’ म्हणतात, जमैकात ‘पार्डनर’. आपली भिशीच ती. कर्जाला बँका उभ्या करत नव्हत्या तेव्हा लंडनमधली कितीतरी घरे या भिशीच्या जोरावर घेतली गेली. कादंबरीत मात्र ज्याच्याकडे पैसे ठेवले तो ते उडवतो, आणि शेवटी बायका पुढे होऊन पुरुषांना वठणीवर आणतात. ‘मोझेस असेंडिंग’ (१९७५) मध्ये तोच मोझेस वीस वर्षांनी शेफर्ड्स बुशमध्ये जुने घर विकत घेतो. तळघरातून तो थेट सर्वांत वरच्या मजल्यावर जातो, हाताखाली एक गोरा माणूस ठेवतो आणि खालच्या भाडेकरूंशी आपला संबंध येऊ नये असे बघतो. कादंबरी संपते तेव्हा तो पुन्हा तळघरात आलेला असतो.

या तीन कादंबऱ्या सलग वाचल्या की सेल्व्हन यांचे म्हणणे लक्षात येते. नकार सोसलेला माणूस मालक झाला म्हणून दुसऱ्याला दार उघडेलच असे नाही. ‘मोझेस असेंडिंग’ हा लेखकाचा घसरलेला प्रयोग आहे, असे काही समीक्षकांना वाटते. तिच्यातली स्त्रियांविषयीची थट्टा मलाही बोचते. पण भाडेकरूच्या डोक्यात घरमालक कसा तयार होतो, हे तिच्याइतक्या निष्ठुर विनोदाने कुणी लिहिल्याचे मला आठवत नाही. याच विषयाला व्ही. एस. नायपॉल यांनी ‘द मिमिक मेन’ (१९६७) मध्ये हात घातला. तिथेही केन्सिंग्टनमधले खोल्या भाड्याने देणारे घर आहे, माळ्यावरची खोली आहे, हिमवर्षाव आहे. पण नायपॉल यांच्या हातात खोली लगेच अस्तित्वाचे रूपक होते. सेल्व्हन यांच्या हातात ती खोलीच राहते, आणि शुक्रवारी तिचे भाडे द्यायचे असते. मला दुसरी रीत अधिक अवघड वाटते.

५

मराठीत असे काही आहे का, असा प्रश्न मला साहजिकच पडला. परदेशाविषयीचे आपले लेखन मुख्यतः प्रवासवर्णनाचे. त्यातला निवेदक बहुधा पाहुणा असतो. त्याच्यासाठी दार उघडलेले असते, चहा तयार असतो. यजमानाच्या दिवाणखान्यातून शहर जसे दिसते तसे तो लिहितो आणि चांगले लिहितो. पण भाडेकरूला शहर जिन्यावरून दिसते, आणि तो जिना या लेखनात फारसा भेटत नाही.

तो जिना आपल्या साहित्यात आहे, पण परदेशातला नव्हे. डॉ. आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत तो आहे. १९१७ मध्ये परदेशातून शिकून परतलेले आंबेडकर नोकरीसाठी बडोद्याला जातात आणि त्यांना राहायला जागा मिळत नाही. एका पारशी धर्मशाळेत ते पारशी नाव घेऊन राहतात. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात येतो. दोन परिचितांकडे, एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे, विचारणा होते. दोघेही सभ्यपणे अडचण सांगतात. सार्वजनिक बागेत वेळ काढून आंबेडकर रात्रीच्या गाडीने मुंबईला परततात.

आडाने नाक चिमटीत धरणे आणि आंबेडकरांनी पारशी नाव घेणे, या एकाच कुळातल्या युक्त्या आहेत. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेचे नावच ती युक्ती सांगते. नोकरीसाठी गुजरातेत गेलेला निवेदक जात लपवून राहतो आणि ती उघडी पडल्यावर मार खातो. पण या तुलनेतून माझ्या मुद्द्याला खरी बळकटी मिळते ती एका फरकामुळे. बडोद्याच्या त्या धर्मशाळेत टंचाई नव्हती. आंबेडकर लिहितात की तिथे त्यांच्याशिवाय उतारूच नव्हता. जागा गेली असे म्हणायची सोय नव्हती, म्हणून काठ्या आणाव्या लागल्या. लंडनला काठ्यांची गरज सहसा पडली नाही, कारण तिथे ते वाक्य उपलब्ध होते.

आणि ते वाक्य आपल्यालाही आता उपलब्ध आहे. पुण्या-मुंबईत घर शोधणाऱ्याला विचारले जाणारे ‘व्हेज की नॉनव्हेज?’ हे आहाराविषयीचे कुतूहल नसते, हे आडनाव सांगायला कचरणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. हा प्रश्न ऐकत वाढलेला मराठी तरुण लंडनला जातो तेव्हा तो नकाराच्या दोन्ही बाजू ओळखत असतो. काहींनी घरी तो दिलेला असतो, काहींनी घेतलेला. या अनुभवातून मोठे लेखन व्हायला हवे होते.

६

लंडनमधली टंचाई संपलेली नाही, आणि नकाराच्या भाषेत नवी भर पडली आहे. २०१४ च्या स्थलांतर कायद्याने घरमालकांवर भाडेकरूच्या वास्तव्याच्या हक्काची कागदपत्रे तपासण्याची जबाबदारी टाकली. २०१६ पासून ती इंग्लंडभर लागू झाली. चूक झाली तर दंड मालकाला. तेव्हा ज्याचे कागद पाहायला सोपे त्याला घर देणे, हे मालकाच्या दृष्टीने साधे शहाणपण ठरते. या योजनेमुळे भेदभाव होतो म्हणून ती मानवी हक्कांशी विसंगत आहे, असे उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले. वरच्या न्यायालयाने २०२० मध्ये तो निर्णय फिरवला, पण काही घरमालक भेदभाव करतात हे त्यानेही नाकारले नाही. गॅलहॅडला परके ठरवण्यासाठी निदान चेहरा पाहावा लागत होता. आता ‘कागद पुरेसे नाहीत’ एवढे म्हटले तरी भागते.

लंडनमध्येच किंग हेन्रीज रोडवर १० क्रमांकाचे घर आहे. १९२१-२२ मध्ये विद्यार्थी आंबेडकर तिथे भाड्याने राहत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेऊन स्मारक केले. पुढे शेजाऱ्यांनी गर्दीची आणि आवाजाची तक्रार केली, आणि स्थानिक कौन्सिलने संग्रहालयाची परवानगी नाकारली. निवासी जागा कमी होते, हे तिचे कारण होते. चौकशीनंतर २०२० मध्ये परवानगी मिळाली. त्या नकारामागे पूर्वग्रह होता असे मी म्हणत नाही. तसा पुरावा नाही, आणि त्या भागात घरे अपुरी आहेत हे खरेच आहे. पण सेल्व्हन आणि एमेचेटा वाचून झाल्यावर टंचाईचे कारण ऐकले, की मी ते दोनदा तपासते. खरे कारण आणि सोयीचे कारण एकाच वाक्यात शेजारी राहतात, आणि दारापलीकडून ते वेगळे ओळखू येत नाहीत.

संशोधकाला त्यासाठी तीन माणसे तीनदा पाठवावी लागतात. न्यायालयाला आकडे लागतात. दाराच्या अलीकडचा घसा आणि पलीकडचा घसा एकाच पानावर ऐकवणे ही सोय फक्त कथेकडे आहे. आज डब्लिन, बर्लिन, टोरंटोमध्ये खोली शोधणाऱ्या आपल्या मुलामुलींपैकी कुणीतरी ती वापरावी. मात्र लिहिताना अलीकडच्या बाजूवर थांबू नये. पुण्याच्या आपल्या सोसायटीच्या दारात, आतल्या बाजूला, आपण कसे उभे असतो तेही त्याच कथेत यायला हवे.